जुना स्विच भंगारात देऊ नका

बाबांची बदली चेन्नईजवळच्या आवडीला झाली (गावाचं नाव खरंच आवडी आहे), म्हणून यंदाची मे महिन्याची सुट्टी तिथे गेली. मला पुढे सिस्कोची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा द्यायची आहे. सरावासाठी पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचंच मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात स्क्रीनवर हवे तेवढे राउटर आणि स्विच जोडता येतात. "मग खरा डबा कशाला?" असं आईने विचारलं. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

माउंट रोडजवळची रिची स्ट्रीट म्हणजे जुन्या-नव्या इलेक्ट्रॉनिक मालाचा बाजार. दुकानदाराला हिंदी येईना, आम्हाला तमिळ. कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून घासाघीस झाली आणि 1500 रुपयांत 24 पोर्टचा सिस्को 2960 स्विच मिळाला. त्यात आधीच्या मालकाचा पासवर्ड तसाच होता. मोड बटण दाबून धरून वीज चालू करायची आणि जुनी सेटिंगची फाइल बाजूला करायची, हे जमायला पहिली संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी मी तीन तास खपून व्हीलॅन तयार केले आणि वीज गेली. सेव्ह केलं नव्हतं, बरीच सेटिंग पुसली गेली.

केबलने तर रडवलं. गॅलरीपर्यंतची केबल मी स्वतः क्रिम्प केली. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले, तरी फाइल मध्येच अडकायची. चार दिवसांनी कळलं, की हिरव्या जोडीच्या तारा 3 आणि 6 वर हव्यात, मधल्या 4 आणि 5 वर निळी जोडी. मी सरळ ओळीने जोड्या लावल्या होत्या. टेस्टर फक्त तार पोचते का ते बघतो, जोडी फुटली हे त्याला कळत नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये केबल क्लिक केली की लागते, त्यामुळे ही चूक तिथे होऊच शकत नाही. आईला द्यायचं उत्तर हेच होतं.

आता मुद्द्याचं. आपल्या स्टोअरमध्ये काढून टाकलेले स्विच पडून आहेत. ते किलोवर विकण्यापेक्षा कॅडेट्सना एक टेबल द्यावं. मुलं बिघडवतील असं काही सर म्हणतात, पण ते वापरातून बादच झालेत. शाळेच्या चालू नेटवर्कला ते जोडू नयेत, हे मलाही मान्य आहे. रविवारी दोन तास पुरेत. क्रिम्पिंग टूल मी आणलंय, सध्या ट्रंकमध्ये आहे.