पेठेचा स्वभाव

पुण्यातील प्रत्येक वस्तीस स्वतःचा असा एक स्वभाव आहे, हे मत आमच्या सुशिक्षित मंडळींत इतके रूढ झाले आहे की, त्याविरुद्ध बोलणाऱ्यास शहराची माहितीच नाही असे समजण्यात येते. कसबा जुना व सोशिक, सदाशिव पेठ विद्वान परंतु तिखट, डेक्कन जिमखाना सुसंस्कृत, लष्कर चैनी. आणि नाना-भवानी पेठा? त्यांचा स्वभाव वर्णन करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ही यादी आम्हीही पुष्कळ वर्षे कौतुकाने म्हणत आलो. आता मात्र तिचा आम्हांस वीट आला आहे.

गेल्या जून महिन्यात एका दुष्काळी तालुक्यातून आलेला आमचा विद्यार्थी खोलीच्या शोधात होता. नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून त्याने नऊ घरे पाहिली. पैकी सात ठिकाणी भाड्याची गोष्ट निघण्यापूर्वी आडनाव विचारण्यात आले, आणि ते ऐकताच खोली कालच दुसऱ्यास दिल्याचे मालकांस आठवले! एका गृहस्थांनी तर त्यास चहा पाजून, 'आमची आळी फार शांत, तुम्हांलाच इथे करमायचे नाही,' असे मोठ्या ममतेने समजाविले. हे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत; त्यांच्या दिवाणखान्यात समाजसुधारकांच्या तसबिरी आहेत. यासच आळीचा स्वभाव म्हणावयाचे काय?

वस्तीचा स्वभाव मातीतून उगवत नाही. कोणास आत घेतले आणि कोणास वेशीबाहेर ठेविले, यावरून तो बनतो. आणि ज्यांनी बनविला ते घरमालकच होत. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात. शेजारीपाजारी शिव्याशाप देत असताना एका घरमालकाने दार उघडले. मग त्या पेठेचा 'स्वभाव' कोणता मानावा? जोतीराव स्वतः राहत गंज पेठेत. तेथील आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांस खुला केला. २०१४ पासून आमचे विद्यापीठ सावित्रीबाईंचे नाव मिरवीत आहे; परंतु विद्येच्या माहेराच्या गप्पा निघाल्या म्हणजे गंज पेठेची आठवण किती जणांस होते?

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत, म्हणजे आमच्याच धंद्यातले. विधवांच्या आश्रमासाठी १९०० साली त्यांनी गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, आणि कॉलेजातील तास संपवून ते तिकडे पायी जात. त्या माळावर आज कर्वेनगर उभे आहे. वर सांगितलेल्या सात घरांपैकी दोन तेथलीच.

घर आमचे, भाडेकरू निवडण्याचा हक्कही आमचा, असे यावर उत्तर मिळेल. शिवाय परक्या स्वयंपाकाचा वास सोसत नाही, हेही हळूच सांगण्यात येईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा कित्येक प्रतिष्ठित कुटुंबांस परक्या छपराखाली रात्री काढाव्या लागल्या. त्या रात्रींच्या हकीकती ज्या घरांतून अद्याप सांगितल्या जातात, तेथे तरी वासाची सबब निघू नये.

आम्ही यातून सुटलो असे मात्र वाचकांनी समजू नये. आमच्या घरीही माडीवर एक खोली रिकामी आहे, आणि ती पुस्तकांसाठी राखली आहे असे आम्ही स्वतःस सांगत होतो. नऊ घरांची हकीकत ऐकतेवेळीही तिचा उल्लेख आमच्या तोंडून निघाला नाही. त्या मुलास अखेर खोली मिळाली ती येरवड्याच्याही पलीकडे. सकाळच्या पहिल्या तासास तो दोन बसगाड्या बदलून येतो, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे उशिराची खूण आम्हीच करतो.