व्याख्या पाठ आहे, पण समजली का?



डिप्लोमा, बीसीए, बी.एस्सी. आयटी किंवा इंजिनिअरिंग, वाट कोणतीही धरा, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग हा विषय गाठतोच. तोंडी परीक्षेत ‘एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय?’ असे विचारले, की व्याख्या घडाघडा म्हटली जाते. पण ‘मग या ओळीत प्रायव्हेट का लिहिले?’ असे विचारताच गाडी अडते. दहावीपर्यंत मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेली मुले मग इंग्रजीला दोष देतात. खरे कारण वेगळेच असते. कल्पना डोळ्यांपुढे उभी राहिलेली नसते, आणि कल्पना तर घरच्या भाषेतही समजून घेता येते.

ही पद्धत जन्मली नॉर्वेमध्ये. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड यांनी तयार केलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा या कल्पना प्रथम एकत्र आल्या. बाहेरच्या जगातील कामकाज संगणकावर उभे करून पाहणे हा त्यांचा हेतू होता. पुढे सी प्लस प्लस आणि १९९५ मध्ये आलेली जावा याच वाटेने गेल्या. म्हणून आपणही बाहेरच्या जगातलेच उदाहरण घेऊ: मोहल्ल्यातली भिशी. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी १,००० रुपये, आणि दर महिन्याला एकीला १२,००० रुपये.

क्लास आणि ऑब्जेक्ट

प्रत्येकीचे एक कार्ड असते. त्यावर नाव, भरलेली रक्कम आणि पाळी आली की नाही, एवढे लिहायचे. कार्डाचा कोरा नमुना म्हणजे क्लास. त्याचे नाव ‘सभासद’ ठेवू. नाव लिहून तयार केलेले प्रत्येक कार्ड म्हणजे ऑब्जेक्ट. नमुना एक, कार्डे बारा. नावाशिवाय कार्ड तयारच होऊ नये, ही अट घालण्याची जागा म्हणजे कन्स्ट्रक्टर. नाव मागणारा कन्स्ट्रक्टर तुम्ही स्वतः लिहिला, की जावा आपल्याकडून दिला जाणारा रिकामा कन्स्ट्रक्टर देत नाही. रिकाम्या कंसाने ऑब्जेक्ट बनवताना अचानक एरर येते, ती अनेकदा यामुळेच.

नावे दोन, माणूस एक

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ‘ब = अ’ असे लिहिले, की दुसरे कार्ड तयार झाले असे मुलांना वाटते. तसे होत नाही. घरात मुले जिला ‘अम्मी’ म्हणतात, तिलाच मामू ‘आपा’ म्हणतात. कोणत्याही नावाने हाक मारा, येणारी बाई एकच. तसेच ‘ब’मधून रक्कम बदलली, की ‘अ’मध्येही बदललेली दिसते, कारण कार्ड एकच आहे.

यातूनच पुढचा प्रश्न सुटतो. दोन बरोबर चिन्हे ‘ही एकच वस्तू आहे का?’ असे विचारतात, तर स्ट्रिंगची ‘इक्वल्स’ मेथड ‘आतला मजकूर सारखा आहे का?’ असे विचारते. तुमच्या स्वतःच्या क्लाससाठी मात्र ‘इक्वल्स’ तुम्हालाच लिहावी लागते. नाही लिहिली, तर तीही दोन बरोबर चिन्हांसारखीच वागते.

स्टॅटिक

हप्ता सर्वांना सारखाच, १,००० रुपये. तो प्रत्येक कार्डावर कशाला लिहायचा? भिंतीवरच्या फळ्यावर एकदाच लिहा. हे झाले स्टॅटिक. पण भरलेली रक्कम चुकून स्टॅटिक केली, तर एकीने पैसे भरताच बाराही जणींच्या नावावर ते दिसू लागतील! स्टॅटिक लिहिण्यापूर्वी विचारा: ही गोष्ट कार्डाची की फळ्याची?

प्रायव्हेट

रक्कम प्रायव्हेट ठेवली, की क्लासबाहेरून कुणी थेट आकडा खोडू शकत नाही. ‘भरा’ या मेथडमधूनच जावे लागते, आणि ती शून्य किंवा उणे रक्कम नाकारते. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच. मात्र रक्कम प्रायव्हेट करून लगेच कोणताही आकडा स्वीकारणारी सेटर मेथड लिहिली, तर कुलूप लावून किल्ली दारावरच टांगल्यासारखे होते.

वारसा

घरच्या वारशात वाटे पडतात. इथे पडत नाहीत. मूळ क्लासचे काही कमी होत नाही आणि प्रत्येक उपक्लासला सगळा ठेवा मिळतो, प्रायव्हेट भागाला मात्र त्याला थेट हात लावता येत नाही. वारसा लावण्याआधी एक कसोटी लावा. ‘भिशीप्रमुख ही सभासद आहे’ हे वाक्य खरे आहे, म्हणून वारसा चालेल. ‘भिशी ही सभासद आहे’ हे खोटे आहे. भिशीत सभासद असतात, तेव्हा तिथे फक्त यादी ठेवावी. जावात एका क्लासला मूळ क्लास एकच असतो, इंटरफेस मात्र अनेक चालतात.

पॉलिमॉर्फिझम

हप्त्याची आठवण कुणाला एसएमएसने हवी, कुणाला व्हॉट्सॲपवर. ‘आठवण’ हा इंटरफेस करा, त्यात ‘पाठवा’ ही एकच मेथड ठेवा आणि प्रत्येक प्रकाराचा वेगळा क्लास लिहा. यादीवर लूप फिरवून फक्त ‘पाठवा’ म्हणायचे. कोणाची ‘पाठवा’ चालवायची, हे प्रोग्राम चालताना ऑब्जेक्टवरून ठरते. उद्या ईमेल आला, तर एक नवा क्लास जोडायचा. लूपला हात लावायचा नाही. हाच खरा फायदा, आणि नोकरीच्या मुलाखतीत ऐकायचा असतो तोही हाच. मेथडवर ‘ओव्हरराइड’ची खूण लिहायची सवय ठेवा. नावाचे स्पेलिंग चुकले, तर कंपायलर तिथेच अडवतो.

पालकांसाठी दोन शब्द

महागड्या क्लासची फी भरण्याआधी एक करून पाहा. मुलाला किंवा मुलीला म्हणा, ‘आज काय शिकलास, आज काय शिकलीस, ते मला आपल्या भाषेत सांग.’ तुम्हाला संगणक येत नसला तरी चालेल. सांगताना जिथे ते अडखळतील, तिथेच अभ्यास कच्चा आहे. घरात लॅपटॉप एकच असेल, तर चौकटी काढून कागदावर बराच सराव होतो. ओपन जेडीके तर मोफतच मिळते.

या महिन्याचा अभ्यास: ‘सभासद’ क्लास लिहा, तीन ऑब्जेक्ट बनवा. मग रक्कम मुद्दाम स्टॅटिक करून काय बिघडते ते पाहा आणि का बिघडले, ते वहीत दोन ओळींत लिहा. या दोन ओळी स्वतःच्या शब्दांत जमल्या, तर तोंडी परीक्षेची धास्ती बरीच कमी होईल.