टक्के नकोत, लिटर सांगा



माझ्या एका जर्मन सहकाऱ्याच्या कपाटात एक जाडजूड फाईल आहे. चौदा वर्षांच्या फुप्फुस-तपासण्यांचे कागद, तारखेनुसार लावलेले. बरीच वर्षे त्याच्या धापेला दमाच समजले गेले. मग एका रक्ततपासणीत खरे कारण सापडले: अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची आनुवंशिक कमतरता. यकृतात तयार होणारे हे प्रथिन पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइमपासून फुप्फुसांचे लवचिक तंतू वाचवते. ते कमी पडले की एम्फिसिमा होऊ शकतो, हे १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी दाखवले. गेलेले फुप्फुस परत मिळत नाही. त्यामुळे पाहायचे ते इतकेच, की ऱ्हास किती वेगाने होतो आहे.

आणि मेख इथेच आहे. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, निरोगी माणसातही तिशीनंतर दरवर्षी साधारण २५-३० मिलिलिटरने घटते. या विकारात काहींची घट त्याच्या दुप्पट किंवा अधिक असते. पण एकाच बैठकीतल्या दोन उत्तम फुंकरींत १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाने चालतो! एका वर्षाची घट त्यात सहज लपते. अनेक वर्षांचे आकडे ओळीने मांडले तरच उतार दिसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'रॅपिड' चाचणीत प्रथिन शिरेतून दिल्यावर सीटी स्कॅनवरची फुप्फुसांची घनता कमी वेगाने घटली. एफईव्ही-१ मध्ये मात्र फरक दिसला नाही. इतके हे माप ढोबळ.

हा विकार मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, आपल्यात विरळाच. मग आपला संबंध काय? डॉक्टर "नॉर्मलच्या ८२ टक्के" म्हणतात, तेव्हा कोणाच्या नॉर्मलच्या? २०१२ च्या जागतिक तक्त्यांत भारतीयांचा वेगळा गटच नव्हता. २०२२ साली वंशनिरपेक्ष तक्ते आले. तक्ता बदलला की टक्के बदलतात, फुप्फुसे तीच राहतात. आपल्यासाठी तरी सर्वांत भरवशाचा तक्ता म्हणजे आपलाच जुना आकडा.

जर्मनीत २०१३ च्या रुग्णहक्क कायद्याने आपल्या नोंदींची प्रत मागता येते. आपल्यापैकी बहुतेक ती मागत नाहीत. भिडस्तपणा, दुसरे काय! पुढच्या वेळी मागाल तेव्हा लिटरमधला आकडा आणि वापरलेला तक्ता, दोन्ही मागा. सहकाऱ्याच्या फाईलीत पहिल्या चार वर्षांचे नुसते टक्केच आहेत, कोणत्या तक्त्याचे ते लिहिलेले नाही. त्याचा आलेख पाचव्या वर्षापासून सुरू होतो.