मुंगीच्या डोक्यातली अळी

मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पानकापी मुंग्या पानांचे तुकडे वारुळात नेऊन त्यांवर बुरशीची शेती करतात. त्यांच्या वाटेवर टपून असते फोरिड माशी. ती मुंगीच्या अंगात अंडं घालते. काही जातींची अळी थेट डोकं पोखरते आणि मुंगी मरते. म्हणून पान वाहणाऱ्या मुंगीच्या तुकड्यावर बऱ्याचदा एक चिमुकली मुंगी राखणीला बसलेली असते!

या मुंग्या आपल्याकडे नाहीत, पण दुसऱ्या कीटकात अंडं घालणारे कीटक आहेत. सुरतच्या डिंडोलीत खानदेशातून आलेली घरं पुष्कळ, आणि कापसाच्या शेतातलं ट्रायकोकार्ड त्यांतल्या अनेकांना ठाऊक असेल. पानाच्या खालच्या बाजूला टाचलेल्या त्या पट्टीतून मिलिमीटरभरही नसलेले ट्रायकोग्रामा कीटक बाहेर पडतात आणि बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालतात. अळी जन्मालाच येत नाही.

मात्र पाठोपाठ जहाल औषधाची फवारणी झाली, की हे राखणदारच आधी मरतात. पैसाही गेला आणि पीकही. म्हणून हा अंक मित्रकीटकांवर काढला आहे. गावी शेती करणाऱ्या भावाला तो जरूर पाठवा. पंप पाठीवर घेण्याआधी शेतात कोण कोणाला खातंय, हे त्याने एकदा पाहायलाच हवं.