न विचारतां उंबरठा ओलांडणाऱ्या आज्ञावली

ज्या आज्ञावलीचें सारें काम टेबलावरील संगणकांतच आटोपतें, तिनें धन्यास न विचारतां इंटरनेटशीं संधान बांधावें काय, हा प्रश्न क्षुल्लक मानण्याची चाल आमच्या सुशिक्षित वर्गांत पडत चालली आहे. नांदेड-लातुराकडे छपाईच्या दुकानांत लग्नपत्रिका जुळवितांना फायरवॉलचा, म्हणजे संगणकाच्या दारावरील पहारेकऱ्याचा, इशारा पडद्यावर उमटला, कीं जाणते म्हणविणारे सांगतात, ‘द्या परवानगी, नाहीं तर तो इशाराच बंद करा.’ कुत्रें भुंकलें म्हणून चोर न पाहतां कुत्र्याचेंच तोंड बांधण्याचें हें शहाणपण आहे!

प्रत्येक इशाऱ्यामागें चोर असतो, असें आमचें म्हणणें नाहीं. नवी आवृत्ति निघाली काय, परवाना खरा काय, हें पाहण्यासाठींही आज्ञावली बाहेर जाते. कित्येकदां आपल्याच दोन भागांत निरोप पोंचविण्यासाठीं ती निष्काळजीपणानें सर्वांना खुलें असें दार उघडते, आणि पहारेकरी ओरडतो. परंतु दुसरी बाजूही ध्यानांत घ्यावी. विंडोजमधील फायरवॉल मूळच्या रचनेंत बाहेरून येणारांस अडविते. आंतून जाणारांस, वेगळी आज्ञा नसल्यास, ती हटकीतच नाहीं. कंधारच्या किल्ल्याचा खंदक बाहेरच्या शत्रूस रोखी. आंतल्या फितुरास त्याचा कसला अडथळा? इशारा आला नाहीं, म्हणजे कोणी बाहेर गेलेंच नाहीं, असें समजणें भोळेपणाचें होय.

म्हणूनच खरी जबाबदारी निर्मात्याची आहे. हेतु शुद्ध असेल तर लपवालपवी कां? फोटोशॉप ज्या मालेंत येई, त्या ॲडोबी कंपनीच्या सीएस ३ मालेंतील आज्ञावली परस्पर एका पत्त्याशीं संपर्क साधतात, असें डिसेंबर २००७ मध्यें उघडकीस आलें. पत्ता दिसावयास १९२.१६८ नें आरंभ होणारा, म्हणजे घरच्याच जाळ्यांतला. परंतु त्यांत एका शून्याच्या जागीं इंग्रजी ‘ओ’ हें अक्षर होतें, आणि तो वापराची मोजदाद करणाऱ्या ऑम्निचर कंपनीचा होता. ही हेरगिरी नव्हे, असा खुलासा झाला. नसेलही! पण सरळ मनुष्य घरच्या माणसाचा वेष घेऊन फाटकांतून जात नाहीं.

कोणी विचारील, चोरट्या प्रतींना आळा कसा घालावा? अवश्य घालावा, पण सांगून घालावा. कोठें जावयाचें, कशासाठीं, बरोबर काय न्यावयाचें, हें आरंभींच मराठींत सांगावें. आणि परवान्याची तपासणी वगळतां, नकार मिळाला म्हणून टेबलावरचें काम अडवूं नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें संमतीची सूचना आठव्या अनुसूचींतील कोणत्याही भाषेंत मिळण्याचा पर्याय मान्य केला आहे, आणि त्या अनुसूचींत मराठी आहेच. तो कायदा वैयक्तिक माहितीपुरता. तीच सभ्यता आम्ही अशा प्रत्येक बहिर्गमनास मागतों. इंग्रजी चौकटींतील न समजलेल्या बटणावर घाईनें टेकलेलें बोट म्हणजे संमति नव्हे.