स्प्रिंग कापणाऱ्यांनो, जरा ऐका

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय पाहून काही जण म्हणतील, गुरुजींना म्हातारचळ लागला. मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेला माणूस, आणि लिहितोय मोटारीच्या स्प्रिंगवर! पण राग आला की लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

त्याचं झालं असं. दिवाळीत नातू पुण्याहून गाडी घेऊन गोसीखुर्दला आला. सेकंडहँड हॅचबॅक, स्वतःच्या पगारातून घेतलेली. अंगणात उभी राहिली तेव्हाच ती मला पोट टेकून बसलेल्या म्हशीसारखी दिसली. "आजोबा, लोअर केलीय," तो म्हणाला. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे नावाचा ट्रॅक आहे. तिथं पैसे भरून हौशी लोकांनाही आपली गाडी पळवता येते, त्याची ही तयारी. एका गॅरेजवाल्यानं चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून दिला होता आणि वर सांगितलं होतं की आता गाडी रस्त्याला चिकटून चालेल.

दुसऱ्या दिवशी सौ.ला दातांच्या डॉक्टरांकडे नागपूरला न्यायचं होतं. पवनी गेलं, आणि भिवापूरच्या अलीकडे एका वळणावर रस्ता खचलेला होता. वेग पन्नासच्या आत. मागचं चाक आपटलं, काडकन आवाज आला, गाडीचं बूड उडालं आणि आडवं सरकलं. समोरून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर. त्या भल्या माणसानं ट्रॅक्टर कडेला घातला म्हणून आज हे लिहितोय. सौ.ची कंबर पुढे तीन आठवडे धरली होती. (तरी ती नातवाचीच बाजू घेते, ते वेगळं.)

घरात लगेच दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, ही शर्यतीची थेरं बंद. नातू म्हणाला, दोष रस्त्याचा, गाडीचा नाही. मंडळी, मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

आधी मुलाशी भांडतो. आपण शंकरपटाच्या मुलखातली माणसं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद झाले तेव्हा गावोगावी सुतक पडल्यासारखं झालं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा हाच मुलगा पहिला पट पाहायला धावला होता. वेगाची हौस बैलांची असेल तर परंपरा आणि चाकांची असेल तर थेरं, हे कसं? उलट पोरगं हमरस्ता सोडून ट्रॅकवर जातंय हे बरंच आहे. तो ट्रॅक ज्यांच्या नावाचा आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन बसवून स्वस्तातल्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या. नारायण कार्तिकेयनसारखी पोरं त्या गाड्यांवर शिकली. हौस कशी वाढवावी याचा तो धडा आहे.

पण पटाची हौस असलेला शेतकरी एक गोष्ट जाणतो. नांगराचे बैल वेगळे, पटाचे वेगळे. ज्या गाडीत आजीला दवाखान्यात न्यायचं, तीच गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर तिला नांगराचा बैल म्हणूनच वागवलं पाहिजे.

आता नातवाकडे, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या त्या गॅरेजवाल्याकडे वळतो. "कडक केली की गाडी पळते" हा यांचा मंत्र. तो खोटा आहे, आणि का खोटा आहे हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही. मी पवनीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीजवळ बसून चार दुपारी घालवल्या, पुस्तकं चाळली, आणि मला समजलं ते असं.

स्प्रिंगचे काम करणारे वेढे सहा असतील आणि एक कापला, तर उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते. दोन कापले तर पन्नास टक्के. वर ती आखूड होते, त्यामुळे चाक खड्ड्यात लोंबलं की आपल्या जागेवर सैल पडते. आणि चाक वर येतं तेव्हा त्याला हलायला जागा उरत नाही, ते रबरी ठोकळ्यावर आपटतं. त्या क्षणी स्प्रिंग नाहीच असं समजा. आमचं चाक आपटलं ते तिथंच.

शॉकपचं तर विचारूच नका. पावसाळ्यात आमच्या धरणाची ३३ दारं किती उघडायची याचा हिशेब असतो. कमी उघडली तर वर फुगवटा, जास्त उघडली तर खाली पूर. शॉकपच्या आत तेलासाठी अशीच बारीक दारं असतात आणि कंपनीनं ती मूळ स्प्रिंगच्या हिशेबानं ठेवलेली असतात. स्प्रिंग बदलली की तो हिशेब चुकला.

सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अशी गाडी खाली केली की ज्या बिंदूभोवती ती कलते, तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे वळणावर कमी कलावी म्हणून खाली केली, आणि कलवणारा जोर तितका कमी झालाच नाही. चाकांचे कोनही बदलतात ते निराळंच.

यावर नातवाचं उत्तर तयार होतं. "फॉर्म्युला वनच्या गाड्या दगडासारख्या कडक असतात." असतात बाबा. पण वेगात त्यांना वारा वरून दाबतो. तुझ्या गाडीला कोण दाबणार? कॉलेजची पोरं 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठी गाड्या बांधतात, त्या धावतात याच करी ट्रॅकवर. अशा स्पर्धांच्या नियमात चाकाला किमान ५० मिलिमीटर हालचाल असावीच लागते. गुळगुळीत ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीला जे सक्तीचं, ते भिवापूरच्या रस्त्यावर नको?

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ बांधणीत मनमानी बदल करायला मनाई आहे. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं.

खरं तर चाक जमिनीवर टेकून ठेवणं एवढंच सस्पेन्शनचं काम. जमीन वरखाली होणारच, म्हणून चाकाला हलू द्यावं लागतं. हे मला उशिरा कळलं असं म्हणतो, कारण मी स्वतः छडीवाला मास्तर होतो. माझा वर्ग चिडीचूप असायचा. पण किती पोरांचं मन तेव्हा फळ्यावर टेकलेलं होतं, हे आज सांगवत नाही.

असो. शेवटी तह झाला. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा, झिजलेले शॉकप बदलून त्याच मापाचे नवे, फाटलेले बुश बदलले, अलाइनमेंट केली. कापण्याचे पैसे पाण्यात गेले, वर हा खर्च. पुढची अट माझी होती. ट्रॅकवर एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. वही माझ्याकडे, नोंदी फोनवरून.

जानेवारीत तो कोइमतूरला गेला. पहिल्या काही फेऱ्यांनंतर थांबून त्यानं लगेच टायर मोजले. थंड असताना ३२ असलेली हवा गरम होऊन ३८ झाली होती. ती उतरवली. पुढे फक्त मागच्या टायरची हवा थोडी बदलून पाहिली. वळणावर गाडीचं नाक बाहेर जातंय अशी त्याची तक्रार होती. मी विचारलं, "वळणात शिरताना वेग किती?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "आजोबा, ब्रेक उशिरा मारत होतो." दिवसअखेर त्याची फेरी तीन सेकंदांनी कमी झाली होती. त्यातलं हवेचं किती आणि त्याच्या पायाचं किती, हे सांगता येत नाही, कारण दुपारनंतर पठ्ठ्यानं दोन्ही एकदम बदललं. वहीत तिथं मी लाल शेरा मारलाय.

गाडीला कुणी हात लावलेला नव्हता. त्याच स्प्रिंगांवर तो दोन दिवसांत पुण्याला परतला.

तेव्हा आमच्या गोतावळ्यातल्या पोरांनो, ट्रॅकवर खुशाल जा. पण चांगले टायर, चांगले ब्रेक, चांगले शॉकप आणि एक वही याच्याआधी स्प्रिंगला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. आणि ज्यांना कापायचीच आहे, त्यांनी आधी आपल्या आजीला मागच्या सीटवर बसवून पवनी ते नागपूर एक फेरी मारावी. मग आजीला विचारून ठरवावं.