बोलावणार कशाने?

‘‘आपत्ती आली की तुम्हांला अवश्य बोलावू.’’

हे वाक्य मला एका कचेरीत, एका सज्जन अधिकाऱ्याने, चहाचा पेला पुढे सरकवीत ऐकवले. मी गेलो होतो एक साधी मागणी घेऊन. माणगाव, महाड, म्हसळा आणि श्रीवर्धन या बाजूच्या हौशी बिनतारीवाल्यांनी वर्षातून एक दिवस, पावसाळा लागण्यापूर्वी, मोकळ्यावर आपापली यंत्रे मांडावीत. घरची वीज न घेता ती बॅटरीवर चालवावीत. चोवीस तास एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलावे आणि कोणाचे किती निरोप बिनचूक पोचले ते मोजावे. त्यासाठी एका शाळेचे पटांगण हवे होते. साहेबांनी विचारले, ‘‘म्हणजे स्पर्धाच ना? खेळच म्हणायचा?’’ मी होय म्हटले आणि तेथेच माझा अर्ज बुडाला. खेळासाठी म्हणून पटांगण नाकारले गेल्याचे हे उदाहरण विरळाच असावे.

परतीच्या एस.टी.त बसल्यावर मला विचारायचा राहिलेला प्रश्न आठवला. साहेब, बोलावणार कशाने?

३ जून २०२० ची दुपार ज्यांनी दक्षिण रायगडात काढली, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले आणि आंबे-फणस मुळासकट आडवे झाले, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. मोबाइलचा मनोरा म्हणजे काही स्वयंभू देवस्थान नव्हे. त्याला वीज लागते. ती गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तास रेटतात, मग डिझेलवरचे जनित्र. आणि डिझेलची गाडी पडलेल्या झाडांपाशी अडली की मनोरा म्हणजे नुसता लोखंडी ताड. त्या संध्याकाळी आमच्या खिशांतले फोन केवळ वेळ दाखवीत होते. कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले.

वाचकांची आता अपेक्षा असेल, की मी माझ्या पराक्रमाची कथा सांगेन. ती सांगता आली असती तर हा लेख लिहायचे कारण पडले नसते. माझ्याजवळ केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळवलेला परवाना होता, ‘व्हीयू’ने सुरू होणारे माझे चिन्ह होते, यंत्र होते. नव्हती ती सवय. निवृत्तीनंतर लोक म्हणू लागले, ‘‘मास्तर, या वयात काय हे पोरखेळ?’’ आणि मीही यंत्र कपाटात ठेवून ‘वेळ पडेल तेव्हा काढू’ अशी स्वतःची समजूत घातली. वेळ पडली. बॅटरी फुगून मेली होती. तारेचा सांधा हिरवा पडून तुटला होता. शेजाऱ्याच्या टेंपोची बॅटरी आणली, दोन बाजूंना दहा-दहा मीटर तार ताणली आणि सात मेगाहर्ट्‌झवर हाका मारू लागलो, तोवर रात्र पडली होती. दूरदेशीचे आवाज येत होते. पुणे मात्र मुके.

ज्याने खेळ चालू ठेवला आहे त्याला याचे कारण तोंडपाठ असते. आमच्या आणि पुण्याच्या मध्ये सह्याद्रीची भिंत. हातात मावणाऱ्या यंत्राच्या लहरी सरळ जातात आणि त्या भिंतीवर आपटतात. लांब लहरी मात्र जवळजवळ उभ्या वर पाठवल्या, तर आकाशातल्या विद्युत्‌भारित थरावरून परतून पावसासारख्या खाली येतात आणि डोंगराच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच पडतात. पण रात्री तो थर विरळ होतो. मग सात मेगाहर्ट्‌झची उभी लहर परत न येता निघून जाते. जवळच्यासाठी साडेतीन मेगाहर्ट्‌झवर उतरावे लागते, आणि त्याला दुप्पट लांबीची तार हवी. ही तार मी बांधून ठेवली नव्हती. पूर्वी दर स्पर्धेच्या रात्री मी ती बांधीत असे.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पुण्याच्या एका अनोळखी हौशी माणसाने माझी हाक उचलली. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. ‘‘मास्तर, माझ्या पोराला सांगा, घराची कौलं गेली, पण माणसं सगळी आहेत.’’ तो निरोप गेला, तासाभराने त्याचे उत्तर आले, आणि काकू पायरीवर बसून रडल्या. एका निरोपाला जवळजवळ एक दिवस लागला होता. त्यातला वादळाचा वाटा थोडा होता. माझ्या कपाटाचा अधिक.

म्हणून माझे भांडण ‘बोलावू’ या शब्दाशी आहे. त्यामागची समजूत अशी, की बिनतारीचे ज्ञान ही कपाटातली वस्तू आहे आणि ती चालवणारा माणूस त्या वस्तूसोबत मिळतो. आपल्या भाषेला याहून अधिक कळते. मराठीत कुस्तीच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच. जो रोज मातीत उतरत नाही त्याला जत्रेच्या दिवशी फडात ढकलणारा वस्ताद आम्ही पाहिलेला नाही. आमच्या कोकणात शिमग्याची पालखी नाचवणारे खांदेसुद्धा वर्षानुवर्षांच्या सरावाने घडतात. मग ज्या विद्येवर जीव अवलंबून राहायचे, तिचीच तालीम पोरखेळ कशी?

हा खेळ नेमका काय शिकवतो ते पाहा. ऑक्टोबरातल्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, बहुधा दिवाळीच्या मागेपुढे, जगभरच्या हौशी केंद्रांची आवाजी स्पर्धा असते. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन ती सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. अट्ठेचाळीस तास माणसे परस्परांचे चिन्ह आणि ठरलेले आकडे टिपून घेतात. नंतर दोन्हीकडच्या नोंदी ताडून पाहतात; अक्षर चुकले की गुण गेले. खरखरीतून, गर्दीतून, झोपेच्या डोळ्यांनी एक अपरिचित नाव अचूक ऐकणे ही ती विद्या. जखमीचे नाव, औषधाचे नाव, वाडीचे नाव टिपताना दुसरी कोणती विद्या लागते? जून महिन्यात कित्येक देशांत ही मंडळी यंत्रे घेऊन रानात जातात, बॅटरीवर आणि जनित्रावर चोवीस तास काढतात. त्याला ‘फील्ड डे’ म्हणतात. मी पटांगण मागितले ते याच्याच धाकट्या भावासाठी.

कोणी म्हणेल, हा झाला तर्क. मग डिसेंबर २००४ चे अंदमान आठवा. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या त्या खेळण्यासाठीच. अंदमानातून हौशी केंद्र क्वचितच बोलत असल्यामुळे जगभरचे लोक त्यांच्या संपर्कासाठी झुंबड करीत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. त्यांनी गुणांची मोजणी थांबवली आणि त्याच यंत्रांवरून, त्याच तारांवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्या तेथे होत्या, कारण त्या खेळत होत्या.

लष्कराला हे पूर्वीच कळलेले दिसते. १९४८ साली ‘अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ सुरू झाला तो महूच्या सिग्नल्स शाळेत. संदेशवहन हा ज्यांचा धर्म, त्यांनी हौसेला आपल्या अंगणात जागा दिली.

आता आक्षेप. उपग्रह-फोन आहेत, मग तुमची खरखर कशाला? उपग्रह-फोन उत्तम साधन आहे, ते असलेच पाहिजे. पण तो एकाला एकाशी जोडतो. बिनतारीवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात, कोणता रस्ता बंद, कोणता खुला, हे एका दमात दहा गावांना कळते. शिवाय तोही बॅटरीवरच चालतो, आणि कपाटात ठेवला तर त्याचीही गत माझ्या यंत्रासारखीच व्हायची.

दुसरा दोष आमच्याच मंडळींचा, आणि तो मला अधिक बोचतो. आम्हांला आपल्या खेळाची लाज वाटते. अर्ज लिहिताना आम्ही ‘राष्ट्रसेवा’ लिहितो, स्पर्धा हा शब्द गाळतो, वादळानंतर अधिकाऱ्यांशेजारी उभे राहून छायाचित्रे काढतो. त्यामुळे लोकांना वाटते, ही माणसे आपत्तीपुरती असतात. आणि आम्ही जे टाळतो तेही सांगून टाकतो: रेडिओने दरड थांबत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. अशा जागी कोणी आपल्या यंत्राची फुशारकी मारू नये. आमचा दावा लहान आहे. फोन मुका झाला की गावाच्या तोंडी एक शब्द तरी उरावा. पण हा लहान दावा खरा करायचा तर खेळ मोठा हवा.

लोणेरे आमच्याच तालुक्यात, तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. हौशी परवान्याची परीक्षा बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही देता येते. तरुणांची वाण नाही, विद्येची वाण नाही. वाण आहे ती खेळाला प्रतिष्ठा देण्याची.

मी कपाट रिकामे केले आहे. वीस मीटरची आणि चाळीस मीटरची अशा दोन्ही तारा बांधून ठेवल्या आहेत, बॅटरी दर पंधरवड्याला तपासतो. शाळेचे पटांगण मिळाले नाही तर काळ नदीच्या काठी माळ आहे. येत्या मे महिन्यात तेथे चोवीस तास बसायचे आहे, आणि किती निरोप चुकले तेही गावात लावायचे आहे. ज्यांना खेळायचे असेल त्यांनी यावे. बोलावण्याची वाट पाहू नये.